मेश्राम सरांचे वर्ग

नागपुरात मे महिन्यात नायलॉनचा बुशशर्ट घालणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे आमचे शेजारी मेश्राम सर. बाकीचं सगळं प्रताप नगर बनियनवर कूलरसमोर आडवं झालेलं असायचं आणि सर भर दुपारी फिकट निळ्या नायलॉनमध्ये भाजीची थैली घेऊन चालत यायचे. शर्ट पाठीला चिकटलेला, घाम नाकाच्या शेंड्यावरून टपटप गळतोय, पण चेहरा असा की यांच्याइतकं सुखी त्रिभुवनात कोणी नाही.

आम्ही तेव्हा त्या घरात नवीनच राहायला आलो होतो. शेजारधर्म म्हणून मी एकदा म्हणालो, “सर, एखादा सुती शर्ट शिवून घ्या की. जीव जाईल अशानं.”

“सुती कपड्याचं मले माहीत नाही, देशकर,” ते म्हणाले. “नायलॉनचं माहीत आहे. त्याचा बाप चौथ्या वर्गात आहे.”

मी जन्मभर सरकारी कचेरीत हिशेब तपासले. आमच्याकडे पहिला वर्ग म्हणजे मोठा साहेब आणि चौथा वर्ग म्हणजे शिपाई. त्यामुळे कोणाचा तरी बाप शिपाई आहे एवढं मला कळलं. पण त्यासाठी यांनी असा शर्ट का घालायचा, ते काही कळेना. मी नुसती मान हलवली. मास्तर माणसासमोर अशी मान हलवू नये. त्यांना वाटलं, चला, एक पोरगं लक्ष देऊन राहिलं. त्यांनी थैली आमच्या ओट्यावर ठेवली आणि तास सुरू केला. थैलीतली मेथी त्या तासात माना टाकून मोकळी झाली.

सर एका हायस्कुलात सकाळच्या पाळीत विज्ञान शिकवत. त्यांचा एक जुना विद्यार्थी परदेशी नोकरीला गेला होता, त्यानं प्रेमानं त्यांना एक जाड इंग्रजी पुस्तक पाठवलं. देशोदेशीच्या विद्वानांनी एकत्र बसून, कोणत्या पदार्थानं माणसाला कॅन्सर होतो आणि कोणत्यानं नाही, याचा निवाडा त्यात केला होता. दुसऱ्या मास्तरांना विद्यार्थी घड्याळ पाठवतात, ट्रान्झिस्टर पाठवतात. यांना हे आलं आणि त्या दिवसापासून आमच्या मोहल्ल्याचं खाणंपिणं नासलं.

“हे पाहा,” सर एकेक बोट मोकळं करत म्हणाले. “पयला वर्ग म्हणजे पक्कं. याच्यानं माणसाले कॅन्सर होते, पुरावा आहे, केस खतम. दुसऱ्याचे दोन भाग. दुसरा-अ म्हणजे बहुतेक होते. दुसरा-ब म्हणजे होऊ शकते, पण छातीवर हात ठेवून कोणी सांगत नाही. तिसरा म्हणजे काहीच सांगता येत नाही, पुरावाच पुरत नाही. अन् चौथा म्हणजे बहुतेक होत नाही.”

“मग चौथ्यातलंच खावं माणसानं,” मी म्हणालो.

“खाता येत नाही ना गा. चौथ्यात एकच पदार्थ आहे.”

“एकच?”

“साऱ्या पुस्तकात एकच. त्याच्यापासून नायलॉन बनवते.” त्यांनी कॉलर दोन बोटांत धरून मला दाखवली. “आता नायलॉन स्वतः तिसऱ्यात आहे, मी खोटं नाही बोलत. पण बाप चौथ्यातला. घराणं चांगलं आहे.”

तेव्हापासून सर कोणाकडेही गेले की आधी ताटात पाहत आणि मग माणसाकडे. आमच्याकडे पोहे झाले की ते पहिला शेंगदाणा उचलायचे, त्याच्या दोन डाळिंब्या करायचे, उजेडात धरायचे, वास घ्यायचे आणि मग सगळ्यांना परवानगी द्यायचे. शेंगदाण्याला बुरशी लागली की तिच्यातलं जहर पहिल्या वर्गात, असं त्यांचं म्हणणं. एका लग्नात ते आचाऱ्याशेजारी पाट मांडून बसले आणि पोतंभर शेंगदाणे निवडायला घेतले. मुहूर्त टळला नाही, पण नाश्ता टळला. नवरदेवाकडची मंडळी उपाशीपोटी अक्षता टाकून राहिली होती.

माझे सासरे काटोलहून आले. त्यांना साखरेचा आजार, म्हणून चहात सॅकरीनची गोळी टाकायचे. सरांनी गोळी पाहिली आणि हळहळून म्हणाले, “दुसरा-ब.”

सासऱ्यांना वाटलं, परतीच्या गाडीचा डबा सांगतायत. “नाही हो,” ते म्हणाले, “मी एस्टीनं जाणार.”

माझी बायको सुधा जराही दबणारी नव्हती. तिच्या अंगाला लावायच्या पावडरीचा सरांनी तिसरा वर्ग सांगितला, तेव्हा तिनं विचारलं, “म्हणजे लावू की नको?”

“सांगता येत नाही.”

“हा वर्ग आमच्याकडे पण आहे सर,” माझ्याकडे बोट दाखवत ती म्हणाली. “यांना काही विचारलं की हेच उत्तर येते.”

चहावर मात्र माझा जीव होता. मी भीत भीत चहाचं विचारलं. सरांनी पुस्तक पुढून मागून चाळलं आणि म्हणाले, चहाची अजून तपासणीच नाही झाली. म्हणजे आमच्या कचेरीच्या भाषेत, फाईल वर गेली नव्हती. फाईल वर जायला किती वर्षं लागतात ते मला पक्कं ठाऊक होतं. मी निर्धास्त झालो.

एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर सरांवर अन्याय होईल. ते भीती घालणारे नव्हते. उलट कोणी म्हणालं की पहिल्या वर्गातलं म्हणजे सगळ्यात वाईट, तर ते चिडायचे. “वर्ग पुराव्याचा आहे,” ते म्हणायचे. “जहर किती, त्याचा नाही. वाघ चावते हे पक्कं, कुत्रं चावते हे बी पक्कं. दोघं पयल्या वर्गात. आता वाघ किती तोडते अन् कुत्रं किती तोडते, हा हिशेब वेगळा. तो मले इचारू नका.” हे ऐकल्यावर लोक कुत्र्यालाही भ्यायला लागायचे, ही गोष्ट वेगळी.

या सगळ्या कारभारात एकच वस्तू वर्गाबाहेर होती. ती म्हणजे शांताबाईंची तंबाखूची डबी.

शांताबाई म्हणजे मेश्रामवहिनी. उंच, काटकुळ्या, बोलणं मोजकं, हसताना पदर तोंडावर. दुपारची जेवणं आटोपली की त्या मागच्या पायरीवर पेरूच्या सावलीत बसायच्या, तळहातावर तंबाखू घ्यायच्या, चुना लावून अंगठ्यानं मळायच्या, दोन थापा मारून भुसा उडवायच्या आणि खालच्या ओठामागे ठेवून द्यायच्या. तंबाखू खाणं तर सरांच्या पुस्तकात पहिल्या वर्गाच्या पहिल्या बाकावर बसलेलं. पण सर बायकोला चकार शब्द बोलायचे नाहीत. ते काय करायचे, तर नेमके त्याच वेळी अंगणात यायचे, शांताबाईंकडे पाठ करायचे आणि आमच्या-त्यांच्यामधल्या कंपाउंडच्या भिंतीला उद्देशून खणखणीत आवाजात भाषण द्यायचे.

“तंबाखू पयल्या वर्गात आहे. खाल्ली तरी अन् ओढली तरी. ओठाची, गालाची, जिभेची वाट लागते. पुरावा आहे.”

भिंत ऐकून घ्यायची. भिंतीच्या अलीकडे सुटीच्या दिवशी माझी दुपारची झोप मोडायची. शांताबाई शांतपणे पिंक टाकून भांडी घासायला उठायच्या.

सुधानं एकदा सरळ विचारलं, “सर, तुम्ही गावाला सांगता, वहिनींना काहून नाही सांगत?” तर सर कूलरमध्ये पाणी टाकायला निघून गेले. कूलर काठोकाठ भरलेला होता. सुधा म्हणाली, सर बायकोला भितात. मलाही तसंच वाटलं, आणि खरं सांगायचं तर जरा बरंही वाटलं. जगाला शहाणपण शिकवणारा माणूस घरात गप्प बसतो, हे पाहून शेजाऱ्याला गारवा मिळतो.

पण पुढचा उन्हाळा लागता लागता सुधाच्या एक गोष्ट लक्षात आली. शांताबाई म्हणजे मिरचीच्या ठेच्याबरोबर भाकर खाणारी बाई. त्यांच्या हातचं वांगं खाऊन माझ्या कानातून धूर निघायचा. त्या आता आमच्याकडे आल्या की कोथिंबिरीच्या झणझणीत सांबारवडीला हात लावत नव्हत्या. दहीभात कालवून हळूहळू गिळायच्या. सुधानं खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, “तोंडात आग होते वं. होईन बरं.”

सुधानं मला सांगितलं, मी सरांना सांगितलं. सर म्हणाले, “माहीत आहे.” चेहरा एकदम उतरला होता. डॉक्टरला दाखवायला हवं, तंबाखू सुटायला हवी, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. फक्त ते शांताबाईंना सांगणार कोण, एवढाच प्रश्न होता. आणि सांगायचा हक्क ज्याचा, तो भिंतीशी बोलत होता. दुसऱ्या दिवसापासून भाषणाचा आवाज वाढला.

इकडे सरांच्या वर्गांनी बाहेर वेगळाच घोळ घालून ठेवला होता. आमच्याकडे कपाटाचं काम चाललं होतं. लाकडी सामान बनवण्याचा धंदा पहिल्या वर्गात आहे, भुसा नाकात जातो, असं सरांनी सुताराला कळकळीनं सांगितलं. सुतार मान खाली घालून ऐकत होता. सर गेल्यावर त्यानं माझ्याकडे मजुरी वाढवून मागितली. म्हणाला, शिकलेल्या माणसानं आपल्या कामाला फर्स्ट क्लास म्हटलं, तुम्हीच काय ते पाहा.

हे मी सरांना सांगायला हवं होतं. मी हसण्यावारी नेलं आणि तोवर कोपऱ्यावरचा पानठेलेवाला गुलाब सुताराच्याही पुढे निघून गेला.

गुलाबचा खर्रा दूरवर प्रसिद्ध होता. सुपारी, तंबाखू, चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून तो पाटीवर असा घोटायचा की बघणाऱ्याचाही दंड दुखावा. सर रोज शाळेतून येताना त्याच्यासमोर थांबायचे आणि बजावायचे, “गुलाब, तुहा खर्रा पयल्या वर्गात आहे, समजलं?” गुलाब हात जोडायचा. “तुमची किरपा, सर,” म्हणायचा. त्याला वाटायचं, एवढा विद्वान माणूस एकही दिवस न चुकता आपली तारीफ करून राहिला.

एका रविवारी सकाळी आम्ही बाजारातून येत होतो, तर ठेल्यावर नवा कोरा बोर्ड. पिवळ्यावर लाल अक्षरं: ‘पहिल्या वर्गाचा खर्रा. मेश्राम सरांनी तपासलेला.’ खाली पेंटरनं हौसेनं पुस्तकाचं चित्रही काढलं होतं. ठेल्यावर एरवीपेक्षा जास्त गर्दी होती.

सरांनी बोर्ड वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला.

“गुलाब, हे उतरव.”

“काहून सर? नाव चुकलं काय?”

“नाव बरोबर आहे. अर्थ चुकला. पयला वर्ग म्हणजे याच्यानं कॅन्सर होते हे पक्कं. तू लोकायले कॅन्सरची जाहिरात दाखवून राहिला.”

गुलाबनं कातरी खाली ठेवली. त्याला धक्का बसला हे दिसत होतं, पण धंदेवाला माणूस, पटकन सावरला. “मंग दुसऱ्यात टाका नं सर. थोडी तंबाखू कमी करतो मी.”

“कमी करून नाही होत. सारीच काढून टाक.”

“सारी काढली तं कोनत्या वर्गात जाईन?”

सर प्रामाणिक माणूस. “बिना तंबाखूचं पान-सुपारी तिसऱ्या वर्गात आहे,” ते म्हणाले. “म्हणजे चांगलं आहे असं नाही. फक्त सांगता येत नाही.”

“तिसऱ्या वर्गाचा खर्रा कोन खाईन सर?” गुलाब अगदी काकुळतीनं म्हणाला. भोवतालचे लोक हसायला लागले, मी पण हसलो. सर लाल झाले. त्यांनी स्टुलावर चढून बोर्डाला हात घातला आणि मग गुलाबही चिडला.

“येवढं वाईट आहे तं हप्त्याच्या हप्त्याले माह्याच ठेल्यावरून तंबाखूची पुडी कोन नेते? मी नेतो काय?”

हसणं थांबलं. सर स्टुलावर तसेच उभे राहिले, एक हात बोर्डावर. शांताबाईंची डबी कोण भरतं, हा विचार आमच्यापैकी कोणी कधी केलाच नव्हता. सर खाली उतरले, स्टूल जागेवर ठेवलं आणि घराकडे चालायला लागले. बोर्ड तसाच राहिला.

संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर येऊन बसले. चहा दिला तर घेईनात. सुधा तापली होती, तिनं आडपडदा ठेवला नाही. “सर, बायकोच्या तोंडात आग होते आणि तुम्हीच तंबाखू आणून देता? हे कोणतं विज्ञान म्हणायचं?”

सरांनी पायाच्या बोटांकडे नजर लावली. मग म्हणाले, “तिनं मले लग्नापासून कधी काही मागितलं नाही, बाई. लुगडं नाही, डागिना नाही. हे येवढंच मागते. कसा नाही म्हणू?”

आणि मग ते बोलत गेले. घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्यानंतर त्यांचं लग्न झालं. घरानं ठरवलं होतं की आता पोरानं शिकायचं, कितीही शिकायचं. ठरवलं खरं, पण घरात खायला नव्हतं. शांताबाई रामटेककडच्या, नवी नवरी होऊन कामठीला सरांच्या घरी आल्या आणि हळद उतरायच्या आत विडीच्या कारखान्यात जाऊन बसल्या. सर मॅट्रिक झाले, कॉलेजात गेले, बी.एस्सी. झाले, तितकी वर्षं त्या विड्या वळत होत्या.

“माह्या पुस्तकाचं एकेक पान म्हणजे तेंदूचं पान आहे, देशकर,” सर म्हणाले. “तिनं तंबाखू हाताळली म्हणून मी शिकलो. अन् शिकून मले काय समजलं, तर तंबाखू पयल्या वर्गात आहे. आता तेच शिक्षण घेऊन मी तिच्यासमोर उभा राहू अन् सांगू, का तू जे करून मले मोठं केलं ते जहर होतं? कोण्या तोंडानं सांगू?”

सुधाचा राग कुठल्या कुठे गेला. मेश्राम सर बायकोला भितात म्हणून मला बरं वाटलं होतं ते आठवलं आणि वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सर शाळेत गेल्यावर सुधा तडक त्यांच्या मागच्या पायरीवर जाऊन बसली. मी रजेवर घरातच होतो, पण मधे ती भिंतच तेवढी. सगळं ऐकू आलं.

“वहिनी, सर त्या भिंतीला काय सांगतात, तुम्हाला माहीत आहे का?”

“मले काय समजत नाही काय वं?” शांताबाई म्हणाल्या. “रोजचं ऐकून राहिली मी. पयला वर्ग, पुरावा आहे. पाठ झालं.”

“मग सोडली काहून नाही?”

“मले कुठी सांगतलं त्यायनं? भितीले सांगतलं. भितीनं सोडली असन.”

सुधाला हसू आवरेना. शांताबाई पण हसल्या आणि मधेच ‘स्स’ करून थांबल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, “तुले सांगू काय, सुधाबाई, लग्न झालं तवापासून त्यायनं मले हे कर, ते नोको करू, असं कधीच सांगतलं नाही. लोकायचे नवरे वरडते. हे बोलतच नाही. जसं काय मी कोनी मोठी बाई आहो. एकडाव सांगून तं पाहा म्हना.”

सुधा घरी आली आणि माझ्यावरच डाफरली, की तुम्ही पुरुष मंडळी एकापेक्षा एक आहात.

दवाखान्यात जायला शांताबाईंनी एकच अट घातली, हे संग पाहिजे. आम्ही चौघं मोठ्या सरकारी दवाखान्यात गेलो. तरुण डॉक्टरीणबाई होती, बोलायला गोड. तिनं बॅटरी लावून ओठ उलटा करून पाहिला. आत पांढरा चट्टा होता. तिनं कागदावर लिहिता लिहिता विचारलं, “सवय कशी लागली, मावशी?”

“विड्या वळाले बसाची,” शांताबाई म्हणाल्या. “दिवसभर मांडीवर सूप अन् सुपात तंबाखू. भूक लागली का चिमूटभर ओठात ठेवाची. भूक मरे.”

“डबा नव्हता नेत?”

“भाकर एकच राहे. हे कॉलेजात जाये, परीक्षा राहे ह्यायची. उपाशी पोटी का लिहिता येते?”

विड्यांचं सरांना माहीत होतं. हे माहीत नव्हतं. ते उठून खिडकीपाशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. या वेळी ते काहीच बोलले नाहीत.

चट्ट्याचा बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट यायला वेळ होता. त्या दिवसांत सरांनी कोणाच्या ताटात पाहिलं नाही. आमच्याकडे पोहे झाले, सर समोर बसून होते, पण शेंगदाणा फोडायचं त्यांना सुचलं नाही. सुधानं मुद्दाम पावडरीचा डबा समोर आणून ठेवला, तरी तिसरा म्हणाले नाहीत. इतके दिवस ज्या बडबडीला कंटाळलो होतो, ती ऐकायला मीच कान लावून बसायचो. कोपऱ्यावर गुलाबनं न सांगता बोर्ड उतरवून ठेवला होता. मी विचारलं तर म्हणाला, “बाईचा रिपोर्ट चांगला येऊ द्या साहेब. मंग भांडू आमी.”

रिपोर्टच्या दिवशी पुन्हा आम्ही चौघं गेलो. डॉक्टरीणबाईनं कागद वाचला आणि ती आधी हसली, त्यावरूनच सुधानं माझा दंड सोडला. “कॅन्सर नाही,” ती म्हणाली. “पण हा चट्टा चांगला नाही, असाच राहिला तर पुढे होऊ शकतो. तंबाखू आजपासून बंद, आणि दाखवायला येत राहायचं. सर, तुम्ही शिकलेले आहात. तुम्हीच यांना समजावून सांगा.”

सगळ्या मोहल्ल्याला समजावून सांगणारे मेश्राम सर बाहेरच्या व्हरांड्यात आले आणि बायकोसमोर उभे राहिले. भोवती ही गर्दी. कोणी चिठ्ठ्यांच्या रांगेत, कोणी जमिनीवर पथाऱ्या टाकून बसलेलं.

“शांता,” ते म्हणाले, “हे पाहा, तंबाखू जी आहे ती पयल्या...” आणि तिथेच अडकले. शांताबाई त्यांच्याकडे पाहत उभ्या होत्या. घाई नव्हती त्यांना.

“सोड ती,” सर म्हणाले.

“बरं,” शांताबाई म्हणाल्या.

एवढंच झालं. सुधानं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. सर भिंतीला टेकवलेल्या बाकड्यावर मटकन बसले आणि दोन्ही हातांत तोंड घालून रडायला लागले. पन्नाशीचा मास्तर, भर दवाखान्यात, हुंदके देऊन रडत होता आणि मलाही आवरेना.

“मी थर्ड क्लास माणूस आहो, शांता,” ते म्हणाले. “तुह्या हातानं शिकलो अन् तुलेच सांगाले घाबरलो. एकदम थर्ड क्लास.”

शांताबाई त्यांच्या शेजारी बसल्या. “मले माहीत नाही काय?” त्या म्हणाल्या. “बी.एस्सी.चा रिझल्ट लागला तवा थर्ड क्लासच आला होता तुमचा. तुमी कोपऱ्यात तोंड लपवून बसले होते. जेवले बी नाही. मले क्लास कुठी समजत होता? पास झाले, येवढं समजलं. म्या कारखान्यात साऱ्या बायायले पेढे वाटले.”

सरांनी मान वर केली. “पेढे वाटले? मले नाही सांगितलं कधी.”

“तुमी कुठी इचारलं?”

मग त्या एवढ्या गर्दीत त्यांनी बायकोचा हात हातात घेतला आणि शांताबाईंनी तो घेऊ दिला.